एकटा मासा देत नाही

दादाने छप्पन्नाव्या वर्षी लग्न केलं, तेव्हा सगळ्यांत जास्त हौस त्याच्या धाकट्या बहिणीने केली. जुळवलंही तिनेच. आयुष्यभर बस डेपोत इंजिनं उघडणारा आपला भाऊ आठवड्यातून तीनदा वाचनालयात जातो आणि तेच पुस्तक घेऊन परत येतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. एक दिवस ती स्वतः वाचनालयात गेली, तिथल्या बाईंशी थोडा वेळ बोलली आणि घरी येऊन म्हणाली, "दादा, पुस्तक राहू दे. बाईंनाच विचार."

लग्नानंतर सहा महिन्यांतच वहिनीच्या आईने अंथरूण धरलं. वहिनी आईकडे राहायला गेली आणि तिच्या पाठोपाठ दादाही. ते गाव बसने नऊ तास लांब. त्याने कपड्यांच्या दोन बॅगा आणि हत्यारांची पेटी नेली. माशांची टाकी तेवढी मागे राहिली. दोन फुटांची, काचेची, पाण्याने भरलेली. ती बसमध्ये कुठे चढवणार?

"चिमे, तुझ्या भरवशावर सोडून चाललोय," तो म्हणाला.

चिमी अठ्ठेचाळीस वर्षांची होती. एका डेंटल लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून प्लास्टरचे जबडे यायचे, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. मेणात दात बसवायचे, हिरड्यांचा रंग जुळवायचा, घासूनपुसून चकचकीत करून डबीत घालायचं. वीस वर्षांत तिने हजारो लोकांची तोंडं भरली, पण तिने केलेल्या दातांनी कोणी हसताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं. मागच्या खोलीत पॉलिशची मोटर एवढी घरघरायची की गप्पा मारायला तिकडे कोणी फिरकत नसे.

घरी मात्र बोलायला दादा होता. तो गेला आणि घर खायला उठलं. रोज सकाळी न्हाणीघराचं दार वाजवून "आटप की रे" म्हणायची तिची सवय. पहिल्या आठवड्यात तिने रिकाम्या न्हाणीघराचं दार दोनदा वाजवलं.

रविवारी अकरा वाजता दादाचा फोन यायचा.

"जेवण वेळेवर करतेस ना?"

"हो."

"लॅब काय म्हणतेय?"

"चाललंय."

"आणि मासे?"

इथे त्याचा आवाज बदलायचा. पण आठ निऑन मासे, निळ्या-लाल रेघेचे, काडीपेटीतल्या काडीपेक्षा लहान. त्यांच्याबद्दल दर आठवड्याला काय सांगणार? "आठही आहेत. फिरताहेत." मग पलीकडून वहिनीच्या आईची हाक ऐकू यायची आणि दादा म्हणायचा, "बरं, ठेवतो गं." दोन मिनिटं, फार तर तीन.

एकदा तो सहज बोलून गेला, "वरचे मासे वरच राहतात. तळ अगदी रिकामा वाटतो. खाली राहणारं काहीतरी आणायचं माझ्या मनात होतं, राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी लॅबमधून सुटल्यावर ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. तिथे पक्ष्यांचं खाणं, कुत्र्यांचे पट्टे आणि मासे एकत्रच मिळायचे.

"तळाला राहणारा काही आहे?" तिने विचारलं.

"हा घ्या की," दुकानदार म्हणाला. "कॅटफिश. तळ चाटूनपुसून साफ ठेवतो. काही बघायला नको."

बोटभर लांबीचा चंदेरी मासा, अंगावर काळे ठिपके आणि शरीराच्या निम्म्याहून लांब पांढऱ्या मिशा. सारखा इकडून तिकडे चकरा मारत होता. किती मोठा होतो, कोणाबरोबर राहतो, काय खातो, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पिशवीत पाण्यासकट मासा घेऊन ती घरी आली. येताना तिला कधी एकदा रविवार उजाडतो असं झालं होतं.

त्या रविवारी फोन वीस मिनिटं चालला. मिशा केवढ्या, ठिपके किती, पोहतो कसा. "सरदारच आणलास की!" दादा हसून म्हणाला. फोन ठेवला तेव्हा तिचा कान गरम झाला होता, आणि ते तिला फार बरं वाटलं.

आठवडाभराने तिने सकाळी मासे मोजले. सात. एखादा वनस्पतीमागे दडला असेल. तीन दिवसांनी सहा. मग पाच. तिने टाकीमागे पाहिलं, जमिनीवर पाहिलं, फिल्टर उघडून पाहिला. कुठेही मेलेला मासा नव्हता. आणि एका सकाळी सरदार तळाशी निवांत पडलेला दिसला. पोट टम्म फुगलेलं, आणि तोंडाच्या कडेला लाल शेपटीचा एवढासा तुकडा.

ती वाकून काचेजवळ गेली. वरती तीन निऑन एका कोपऱ्यात चिकटून थरथरत होते.

त्या रविवारी दादाने विचारलं, "मंडळी कशी आहेत?"

"मजेत आहेत," ती म्हणाली.

"आठही?"

"आठही."

आणि मग ती सांगतच सुटली. सरदार निऑनांच्या मागे कसा खेळत पळतो, त्यातला एक कसा धीट आहे. बोलता बोलता तिची तिलाच लाज वाटत होती, पण जीभ थांबत नव्हती. पलीकडे दादा खुशीत हसत होता.

सोमवारी तिने झाकणाच्या डब्यात सरदाराला घेतलं आणि बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे फक्त माशांचं एक दुकान आहे असं तिने ऐकलं होतं. अरुंद, लांबट दुकान, दोन्ही बाजूंना टाक्या, हवेत दमटपणा. साठीपुढच्या एक बाई स्टुलावर बसून जाळीला टाके घालत होत्या.

बाईंनी डबा उजेडात धरला. "किती खाल्ले?"

"पाच."

"भूक लागली की तोंडात मावेल ते खातो, आणि खातो तो अंधारात. त्याचा काय दोष? वाढून वीतभर होईल. त्याला लांबरुंद टाकी लागते, आणि सोबतीला अंगाने त्याच्याएवढे मासे." त्यांनी सरदाराला मागच्या मोठ्या टाकीत सोडायला घेतलं. "राहू दे माझ्याकडे. तुमची टाकी केवढी?"

"दोन फूट."

"तळाला काय आहे?"

"रंगीत खडी. भावाने घातलेली."

"टोकदार?"

तिने मान डोलावली.

बाई उठल्या. एका टाकीत काचेला चिकटून हातभर लांब, काळाकभिन्न मासा होता. "हा सकर. लोक बोटाएवढा नेतात, शेवाळ खातो म्हणून. वर्षा-दोन वर्षांत एवढा होतो, मग मलाच आणून देतात. हा तुम्हाला नको." त्या पुढच्या टाकीपाशी थांबल्या. तिथे वाळूवर अंगठ्याएवढे, गुबगुबीत, तपकिरी मासे एका रांगेत नाक खुपसत चालले होते. बारीक मिशा, गोल डोळे. "हे कोरी. कुणाच्या वाटेला जात नाहीत. निऑनांबरोबर छान राहतात. पण खडीवर ठेवलंत तर मिशा झिजतात, बारीक वाळू घालायची. आणि वरून पडलेलं उष्टं खाऊन जगतील असं समजू नका. ते काही घरगडी नाहीत. त्यांना त्यांचं खाणं वेगळं, तळाला बुडणारं."

"एक द्या मग," चिमी म्हणाली.

"एकटा मासा देत नाही. सहा."

"सहा कशाला? मला एक पुरे. घरात मी एकटीच असते."

"तुम्ही असाल हो," बाई म्हणाल्या, "त्याने का म्हणून राहायचं? एकटा ठेवला की दगडामागे जाऊन बसतो. खात नाही, फिरत नाही. मरतही नाही पटकन. नुसता बसून राहतो."

 चिमीने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वाळूची पिशवी काढायला मागे वळल्या.

"आधी वाळू घाला," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या. "मासे पुढच्या आठवड्यात न्या. मी बाजूला काढून ठेवते."

शनिवारी तिने टाकी उपसली. तीन निऑन बादलीत, फिल्टरही त्याच बादलीत चालू ठेवला. दादाची खडी हाताने भरभरून काढली. वाळू तिने प्लास्टर चाळायच्या चाळणीने चाळली आणि नितळ पाणी येईपर्यंत अकरा वेळा धुतली. दातांच्या कामात तिला चिकाटीची सवय होतीच. खडी टाकून देताना हात अडखळला, पण टाकली.

रविवारी अकरा वाजता फोन वाजला.

"काय म्हणतोय सरदार?"

"दादा, सरदार नाही. त्याने पाच निऑन खाल्ले. मी त्याला देऊन आले. आणि तुझी खडी काढून टाकली."



"खडी टाकलीस? चाळून, निवडून घातली होती मी ती."

"टोकदार होती. खाली राहणाऱ्यांना टोचते."

"मागच्या रविवारी तर आठही मजेत होते!"

"नव्हते."

"मग मला थापा का मारल्यास?"

"तू फोन ठेवू नयेस म्हणून," ती म्हणाली.

 तेवढ्यात वहिनीच्या आईची हाक आली. एकदा, मग दुसऱ्यांदा.

"जा," चिमी म्हणाली. "त्या बोलावताहेत."

"थांब. ठेवू नकोस." त्याने फोन तसाच कुठेतरी टेकवला. मग नऊ तासांवरच्या त्या घरातले आवाज तिला येत राहिले. पलंगाची करकर, वहिनीचं "सावकाश, सावकाश", पाण्याचा पेला, दादाचं कुणाला तरी हळूच हसवणं. त्या घरात त्याची सगळ्यांना सवय झाली होती, हे तिला कळलं. वाईटही वाटलं, आणि वाईट वाटल्याचा राग आला नाही.

दहा मिनिटांनी दादा परत आला. "आहेस?"

"आहे."

"चिमे, मला माशांबद्दल विचारायचं म्हणून मी फोन करत नाही गं. दुसरं काय विचारावं ते कळत नाही. मी तुला टाकून आलो असं वाटतं, म्हणून मग मासेच विचारतो."

"मीच पाठवलं तुला," ती म्हणाली.  फोन मात्र लवकर ठेवला नाही कुणी.

सहा कोरी आले. पहिले दोन दिवस एकमेकांना चिकटून कोपऱ्यात बसले, तिसऱ्या दिवशी वाळू उकरत निघाले. गुरुवारी संध्याकाळी ती चहा घेऊन टाकीसमोर बसली होती, तेवढ्यात त्यातला एक बंदुकीच्या गोळीसारखा सरळ वर सुटला, पाण्याबाहेर तोंड काढून गप्पकन हवा गिळली आणि तसाच तळाला जाऊन बसला, जणू काही झालंच नाही. ती इतकी दचकली की चहा मांडीवर सांडला, आणि मग ती खो खो हसली. हसणं थांबल्यावर खोली फारच शांत वाटली. रविवारला अजून तीन दिवस होते.

तिने साडी बदलली आणि बस पकडून त्या दुकानात गेली.

"आजारी आहे का तो?" तिने बाईंना विचारलं.

"छे! हवा प्यायला जातो. त्यांची तशी रीतच आहे." बाईंनी हातातली बादली खाली ठेवून मनगट चोळलं. "घाई आहे का तुम्हाला? ही टाकी उपसतेय, एका हाताने जमत नाही. नळी जरा धरता?"

चिमीने पदर खोचला आणि नळी धरली. अर्धा तास दोघी पाणी उपसत राहिल्या.  काम झाल्यावर बाईंनी तिला हात पुसायला फडकं दिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात."

बाहेर दिवे लागले होते. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी होती. घरी पोचली, कुलूप काढलं, ओल्या पायांनीच आत गेली, आणि वाळूवर पडतील अशा दोन गोळ्या सहाजणांसाठी पाण्यात सोडल्या.