पुलापलीकडची खरखर

वादळाने टॉवरची कंबर मोडली, तेव्हा भावजी रडले नाहीत. आडव्या पडलेल्या लोखंडाला त्यांनी एक फेरी मारली, तळाचा चिनी मातीचा इन्सुलेटर फुटलेला बघितला आणि आत जाऊन ट्रान्समीटरवर ताडपत्री घातली. सगळं स्टेशन त्यांना भावजीच म्हणे, कारण वहिनी म्हणत.

रेडिओ स्टेशन त्यांच्या थोरल्या भावाने काढलेलं. दादा गेल्यावर यंत्रं भावजींकडे राहिली, माईक वहिनींकडे आणि मालकी दादांच्या मुलाकडे आली. मुलगा वाईट नव्हता, व्यवहारी होता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं!

"काका, नवा टॉवर म्हणजे खायचं काम नाही," तो म्हणाला. "ऐकणारे आहेत एवढं दाखवा, मी उभा करतो. रविवारपर्यंत चार लोकांचे फोन येऊ देत. नाहीतर जागा घ्यायला माणूस तयार बसलाय."

भावजींनी पाण्याच्या टाकीपासून मागच्या उंच झाडापर्यंत तार ताणली आणि यंत्र कमी ताकदीवर सुरू केलं. टेबलावरचा रेडिओ बोलू लागला. वहिनींचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून दर गाण्यानंतर त्या म्हणत, "आम्ही परत आलोय. ऐकताय ना? एक फोन करा बरं!"

फोन ढिम्म. वहिनी तो पुसत, उचलून बघत, पुन्हा ठेवत. शनिवारी सकाळी त्या म्हणाल्या, "भावजी, तुमची तार पोचत नसणार. इथला रेडिओ काय, भिंतीला खिळा मारून वायर लावली तरी बोलेल. जरा बाहेर जाऊन बघा की."

बोलणं खरं होतं, आणि ते ऐकून भावजींचा जीव भांड्यात पडला. तारेतला दोष काढता येतो. ट्रान्झिस्टर पिशवीत टाकून ते स्कूटरवर निघाले. नुसती खरखर ऐकू येऊ दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पुलावर त्यांनी स्कूटर बंद केली, कारण इंजिन चालू असलं की रेडिओ तडतडतो. ट्रान्झिस्टर लावला. वहिनींचा आवाज, स्वच्छ. बाजारात स्वच्छ. शेवटच्या वस्तीवर जरा बारीक झाला, पण शब्द न् शब्द कळत होता. आपलं काम चोख झाल्याचं भावजींना आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

त्या वस्तीवरच्या शिंप्याकडे एके काळी दिवसभर त्यांचंच स्टेशन लागलेलं असे.

"या या, भावजी! काय म्हणतंय स्टेशन?"

"टॉवर पडला ना वादळात."

"अरेरे! म्हणजे मधे बंद होतात की काय तुम्ही?"

भावजींची नजर फळीकडे गेली. शिंपी ओशाळला. त्याने फळीवरच्या कापडांखालून रेडिओ ओढून काढला, तर त्यात सेलच नव्हते. घड्याळाला लागले म्हणून बायकोने काढून नेले होते, कधी ते त्यालाही आठवेना. "आत्ता आणतो की," म्हणत तो उठला. भावजींनी त्याला बसवलं. सांगून करवलेला फोन वहिनींनी पहिल्या वाक्यालाच ओळखला असता.

मग न्हावी झाला, गिरणीवाला झाला. सगळ्यांनी वहिनींची तब्येत विचारली, अगदी आपुलकीने. रेडिओ कुणी लावलाच नव्हता. एखादा जरी म्हणाला असता, 'इतके दिवस कुठे मेला होतात,' तरी भावजींनी त्याचे पाय धरले असते.

ते परतले तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. "काय हो? पोचतं का?"

भावजींनी स्कूटर स्टँडला लावली, उगाच दोनदा. मान वर करवेना.

"नाही पोचत, वहिनी. पुलापलीकडे नुसती खरखर. तार बांधण्यात माझंच चुकलं."

वहिनींचा चेहरा उजळला. "तरीच! मी म्हणतच होते. बिचारी माणसं रेडिओला कान लावून बसली असतील हो! चला, मग करा ना दुरुस्त."

"उद्यापर्यंत नाही व्हायचं. माझ्याच्याने नाहीच होणार ते."

वहिनी दारातून आत वळल्या. "तुमचे दादा असते ना भावजी, तर त्यांनी कसंही करून पोचवलं असतं."

"हो वहिनी," भावजी म्हणाले. "दादांनी पोचवलं असतं."