राबाचा शनिवार

माझ्या धाकट्या जावेला, अक्षदाला, धावायचं वेड लागलं तेव्हा अख्ख्या गावानं तिला नावं ठेवली. त्यात मीही होते आणि त्याचं मला काही वाटत नाही. म्हशीची धार काढायची राहिली आहे, चूल पेटलेली नाही, आणि ही बाई शनिवारी उजाडता उजाडता बूट चढवून कालव्याच्या रस्त्यानं धावायला निघते. मग जावेनं काय तिची आरती ओवाळायची?

आमचं गाव शेणव्याच्या पुढं, डांबरी सोडून आत. डोंगराच्या अंगाला शहरातल्या माणसांनी बंगले बांधलेत, सुट्टीला येतात, झाडांना पाणी घालतात, पक्ष्यांचे फोटो काढतात. त्यांच्यातले एक रविंद्र सर. बँकेतून वेळेआधी निवृत्त झालेले, बोलायला अगदी मऊ. त्यांनी हे शनिवारचं धावणं सुरू केलं. बंधाऱ्यापासून निघायचं, कालव्याच्या कडेनं जायचं, आमच्या शेताला वळसा घालून परत बंधाऱ्यावर. पाच किलोमीटर. फुकट. कुणीही या, धावा नाहीतर चाला, पोरं आणा, कुत्रं आणा. शर्यत नाही, पहिला नंबर नाही, बक्षीस नाही. गावातली पोरं पहिल्या शनिवारी जोरात पळाली, बक्षीस नाही म्हटल्यावर दुसऱ्या शनिवारी एकही फिरकलं नाही. गावातली राहिली एकटी अक्षदा.

मी तिला विचारलं, ‘‘काय मिलतं गो तुला?’’

ती म्हणाली, ‘‘ताई, डोक्यावर काय नसतं. कमरेवर काय नसतं. हात पन मोकले. अशी मी कवा चालली व्हती सांग.’’

आम्ही बाया घरातून निघतो त्या काहीतरी घेऊन आणि परततो त्याही काहीतरी घेऊनच. पाण्याला गेलो तर हंडा, रानात गेलो तर मोळी, बाजाराला गेलो तर पिशवी आणि वर पोर. रिकाम्या हातानं परतलेल्या बाईला आमच्यात विचारतात, गेलीस कशाला होतीस?

तिला बूट दिले शीतल मॅडमनी, म्हणजे रविंद्र सरांच्या बायकोनं. स्वतःचे जुने. मोठे व्हायचे म्हणून अक्षदा पुढं चिंधी कोंबायची. पण या सगळ्याचं खरं कौतुक होतं ते आमच्या सासऱ्याला. नवसू बाबा माणूस तसा तिरसट. माझा नवरा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, अक्षदाचा नवरा हरेश भिवंडीला गोदामात, त्यामुळं घरात पुरुष तो एकटाच आणि बोलायला लागला की आम्हा दोघींची सालटी काढायचा. पण शनिवारी तो बांधावर येऊन उभा राहायचा. सून आली की हाताचा आडोसा करून डोळ्यावर धरायचा आणि ओरडायचा, ‘‘मागं कोन ऱ्हायला गो?’’

‘‘कोन नाय बाबा, मीच शेवटची!’’ ती हसत सांगायची.

ती खरंच शेवटची असायची, कारण सरांनी तिला तेच काम दिलं होतं. त्यांच्यात अशी पद्धत आहे. एक माणूस सगळ्यांच्या मागून चालतं. नारिंगी जाकीट घालतं. कितीही हळू चालणारा असू दे, त्याच्या मागं हे माणूस असतंच, म्हणजे कुणाला वाटायला नको की आपण शेवटचे आलो. ‘आपल्याकडे कुणीच मागे राहत नाही’, असं सर दर शनिवारी सगळ्यांना एकत्र करून सांगायचे. अक्षदा ते जाकीट धुऊन, घडी करून, उशाशी ठेवायची. रस्त्याच्या कडेला त्या लोकांनी वाढदिवसाची रोपं लावली होती, प्रत्येकाला बांबूचा आधार आणि नावाची पाटी. त्यांना पाणी कोण घालणार? तीच. हंडा डोक्यावर घेऊन. मी म्हटलं, बघ, शेवटी आलाच ना डोक्यावर. ती म्हणाली, आपल्या मानसांची झाडं हायेत ताई.

आपली माणसं! मला तेव्हाच राग आला होता.

आता राबाचं सांगते. आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजतात. शेण पसरायचं, वर झाडाचे टहाळ, वर पेंढा, वर पातेरा म्हणजे वाळका पाला, सगळ्यावर मातीची फक्की, आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. तण मरतं, किडा मरतो, रोप काळंभोर येतं. पण राब पेटवायची वेळ असते. पहाटे, वारा निजलेला असताना. बाबा मूठभर माती वरून सोडून बघायचा. सरळ खाली पडली तर काडी ओढायची, तीही वाऱ्याच्या उलट्या अंगानं, म्हणजे जाळ धावत नाही, बसल्या जागी खात जातो. ऊन वर आलं की दरीतून वारा चढतो, मग कुणी राब पेटवत नाही. शिवाय हाताशी माणसं लागतात, ओले डहाळे घेऊन चारी बाजूंना उभी. हरेशला सुट्टी शनिवारची. म्हणून आमचा राब शनिवारचा. मागल्या वर्षीही शनिवारीच भाजला होता, आणि त्या धुरानं धावणाऱ्यांना खोकला झाला होता.

या वर्षी आदल्या शनिवारी दुपारी सर स्वतः घरी आले. ओट्यावर बसले, माझ्या हातचा कोरा चहा प्यायले. धावण्याला वर्ष झालं होतं, येत्या शनिवारी ठाण्याहून, कल्याणहून पाहुणे यायचे होते, अक्षदाचा सगळ्यांसमोर सत्कार होता. ‘‘बाबा, आमचं राबाला काहीच म्हणणं नाही,’’ सर म्हणाले. ‘‘तुमची परंपरा आहे. फक्त आमचा शेवटचा माणूस शेतावरून गेला की मग पेटवा. एवढंच. तासा-दीड तासाचा तर प्रश्न.’’

बाबा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला. मी म्हटलं, ‘‘वारा सुटंल सर, मंग जमत नाय.’’

‘‘थोडं ॲडजस्ट करू ना आपण सगळे,’’ सर म्हणाले, आणि हसले. हसणारा माणूस असला की भांडता येत नाही.

ते गेल्यावर हरेश म्हणाला, ‘‘बाबा, पुढल्या शनवारी भाजू.’’ बाबा म्हणाला, पुढल्या शनिवारी आभाळ काय करंल कुणी बघितलंय. मग अक्षदाकडं बघितलं. ती भाकऱ्या थापत होती, मान वर करत नव्हती. तिनं एका शब्दानं मागितलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. बाबाच म्हणाला, ‘‘जाऊ दे. पोरीचा सत्कार हाये. थांबू जरा.’’

त्या शनिवारी वारा पहाटे अगदी मेल्यासारखा पडला होता. बाबानं माती सोडून बघितली, ती त्याच्याच पायावर पडली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी तोंड फिरवलं. आम्ही तिघं ओले डहाळे घेऊन बांधावर बसून राहिलो.

माणसं यायला लागली. चकचकीत कपडे, कानात वायरी. धावणारे भराभर गेले. मग चालणारे. मग गप्पा मारणारे. एका पाहुणीला आमची म्हैस आवडली, तिनं म्हशीचा फोटो काढला, मग म्हशीबरोबर स्वतःचा काढला. मग तिच्या मैत्रिणीनं काढला. ऊन पाठीला लागायला लागलं. बाबा उठून उभा राहिला, बसला, परत उठला. हरेश म्हणाला, पेटवू का? बाबा म्हणाला, ‘‘शबूद दिलाय.’’

सगळ्यांच्या मागं नारिंगी जाकीट दिसलं. अक्षदा. तिच्यापुढं एक जाडेसे गृहस्थ गुडघा धरून चालत होते, दर दहा पावलांनी थांबत होते, आणि ती त्यांच्या मागं थांबत होती. तिचं कामच ते. ती बांधाशी आली तेव्हा घामानं डबडबलेली होती, पण असा चेहरा मी तिच्या लग्नातही बघितला नव्हता.

बाबानं विचारलं, ‘‘मागं कोन ऱ्हायला गो?’’

‘‘कोन नाय बाबा. मीच शेवटची. पेटवा आता!’’

आणि बाबानं काडी ओढली. माती सोडून बघायची राहिली. जन्मभर ज्यानं कधी चुकवलं नाही त्यानं त्या दिवशी मातीला हात लावला नाही, सुनेकडं बघत हसत हसत काडी ओढली.

अक्षदा बंधाऱ्यावर पोचेपर्यंत जाळ शहाण्यासारखा चालला. मग दरीतून एकच झोत आला. पेटता पातेरा उचलला गेला आणि सरळ आमच्या पेंढ्याच्या उडवीवर. ती धडाडली, तिथून बांधाचं गवत, तिथून कालव्याची कड. आम्ही डहाळे मारत सुटलो. हरेश बादल्या ओतत होता, मी म्हैस सोडायला धावले, बाबा उडवीच्या अंगावर गेला, बैलांचा वर्षाचा चारा होता तो, आणि नुसत्या हातांनी पेंढ्या ओढायला लागला. बंधाऱ्यावर तेव्हा सत्काराला सुरुवात झाली होती. माइकचा आवाज इथवर येत होता. अक्षदाच्या खांद्यावर शाल पडायची होती, तेवढ्यात तिला धूर दिसला. ती शाल तिथंच टाकून आली. त्या दिवशी ती खरी धावली. बाकीचेही आले, थोडे लांब उभे राहिले. दोघाचौघांनी मदत केली, नाही म्हणणार नाही. बाकीच्यांनी मोबाईल वर धरले.

आग विझली तेव्हा उडवी नव्हती. बाबाच्या दोन्ही हातांचं कातडं लोंबत होतं. आणि कालव्याच्या कडेची वाढदिवसाची रोपं जळून गेली होती. त्यातली निम्मी आधीच वाळलेली होती, पण ते कोण सांगणार.

शीतल मॅडम त्या रोपांपाशी उभ्या राहून रडल्या. खऱ्या रडल्या, मी बघितलं. बाबाच्या हातांकडं बघून मात्र त्यांनी मान फिरवली, म्हणाल्या, मला असलं बघवत नाही. सर अक्षदाजवळ आले. आवाज तसाच मऊ. ‘‘अक्षदा, आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवला होता. तू घरच्यांना समजावशील असं वाटलं होतं.’’

माझ्या तोंडात आलं होतं ते मी बोललेही असते. अक्षदानं माझा हात घट्ट धरला. ती फक्त म्हणाली, ‘‘सर, बाबा तुमच्यासाठीच थांबले व्हते.’’

‘‘ते ठीक आहे गं,’’ सर म्हणाले. ‘‘पण आग लावायचीच कशाला?’’

दोन दिवसांत कुणाच्या तरी मोबाईलमधला जाळ वनखात्यापर्यंत पोचला. गार्ड आला, बाबाला घेऊन गेला. हाताला पट्ट्या बांधलेला म्हातारा दिवसभर त्यांच्या ऑफिसातल्या बाकावर बसून राहिला. त्यानं एकदाही सांगितलं नाही की मला कुणी थांबवलं होतं. का नाही सांगितलं, मी रात्री विचारलं. म्हणाला, ‘‘सुनेचं नाव आलं असतं.’’

अर्धाच भाजलेला राब तसाच पडून राहिला. बैलांना शेजाऱ्यांकडून उसना पेंढा आणला.

शुक्रवारी अक्षदाच्या मोबाईलवर निरोप आला. त्यांच्या सगळ्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर. तिनं मला वाचून दाखवला. धावपटूंच्या सुरक्षेसाठी उपक्रम दुसरीकडं हलवत आहोत. मुरबाडच्या पलीकडं, एका गृहप्रकल्पाच्या आतल्या रस्त्यावर, गेटवर ओळखपत्र दाखवावं, गाडी लावायला भरपूर जागा आहे. प्रवेश नेहमीप्रमाणे विनामूल्य, सर्वांचं स्वागत. खाली फुलांची आणि जोडलेल्या हातांची चित्रं.

‘‘जाशील?’’ मी विचारलं.

‘‘कशानं जाऊ?’’ ती म्हणाली. त्या वेळेला इथून मुरबाडला एसटी नाही, हे त्या ग्रुपमधल्या कुणाच्या डोक्यात आलं नसणार. किंवा आलंही असेल. जाकीट परत दे, असंही कुणी म्हणालं नाही. तेवढी आठवण तरी कुणाला होती?

शनिवारी उजाडता उजाडता ती उठली. मी जागीच होते. तिनं बुटात चिंधी कोंबली, जाकीट घातलं आणि कालव्याच्या रस्त्याला लागली. मी दारातून बघितलं. धावत गेली. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. बाबा ओट्यावर बसला होता, पट्ट्यांचे हात मांडीवर उताणे ठेवून. तोही बघत होता. बांधावर तो गेला नाही.

ती परत आली ती चालत. डोक्यावर मोळी. रोपांना लावलेले ते बांबू, अर्धे जळलेले, तिनं उपटून जाकिटानंच बांधून आणले होते. काजळीनं तोंड काळं झालेलं.

बाबानं विचारलं नाही, मागं कोण राहिलं म्हणून. तो म्हणाला, ‘‘रिकामी येयाचं व्हतंस गो पोरी.’’

‘‘आली असती बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘पन लाज वाटली.’’

मी पुढं होऊन तिच्या डोक्यावरचा भार उतरवला. एका बांबूला पाटी तशीच होती, शीतल मॅडमच्या नावाची. ती मी काढून म्हशीच्या गोठ्यात फेकली. बांबू चुलीत घातले. वाळलेले होते, चांगले पेटले. त्यावर बाबाच्या अंघोळीचं पाणी तापवलं.