ग्राहकाला दिसेल असं

बुबुळांमधलं अंतर मोजताना ग्राहकाच्या बरोबर समोर बसावं. पट्टी त्याच्या नाकावर आडवी धरावी. आपला एक डोळा मिटावा आणि म्हणावं, "माझ्या उघड्या डोळ्यात बघा."

*

सकाळच्या गोळीनंतर पाऊण तास. कधी पन्नास मिनिटं. त्याहून जास्त नाही.

*

कलम चौदा. ग्राहकांसमोर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर ग्राहकाला दिसेल असं कोणतंही गोंदण नसावं. असल्यास तीन महिन्यांच्या आत योग्य ती व्यवस्था करावी.

*

"चामडीच्या रंगाची शाई मागणारं गिऱ्हाईक आलं ना, की त्याला चहा पाजायचा, गोड बोलायचं आणि दाराबाहेर सोडून यायचं."

*

गोगलगायीला पाय नसतात. म्हणून ती काढायला सोपी.

*

"आई, त्या मावशींच्या हाताला काय झालंय?"

*

मनगट डावं. ते ज्या बाईचं होतं तिला घरात बारकी म्हणत, कारण ती धाकटी. घरात म्हणजे एकटा दादाच. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. चष्म्याच्या दुकानात ती समोरच्या काउंटरला होती: डोळ्यांमधलं अंतर मोजायचं, फ्रेम गरम हवेवर धरून काड्या वाकवायच्या, कानामागे बसवून बघायच्या. सगळं काम लोकांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

पट्टी ती डाव्या हातात धरायची. त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांखाली यायचं ते तिचं मनगट, आणि मनगटावरची गोगलगाय. गोगलगाय दादाने काढली होती. तो टॅटू काढायचा, स्वतःच्या छोट्या दुकानात, नऊ वर्षं. बहीण लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला उशीर करते म्हणून त्याने चिडवायला काढली, आणि काढता काढता ती त्याच्या हातून फार चांगली उतरली. शंखाचा एकेक वळसा सुटा दिसायचा.

लहान मुलं चष्म्याच्या दुकानात रडतात. त्यांना ती म्हणायची, "आधी गोगलगाय बघ. बघितलीस? झोपलीय ना? आता हळूच माझ्या डोळ्यात बघ, नाहीतर उठेल." तेवढ्यात अंतर मोजून व्हायचं. मागच्या खोलीत मशीनवर काचा घासणारे काका होते, त्यांना सगळे घासूकाका म्हणत. ते हिला गॉगलगाय म्हणत आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसत.

मग दुकान एका मोठ्या कंपनीने घेतलं. भिंतींना रंग लागला, गणवेश आला, आणि गणवेशाच्या पिशवीत पंचवीस कलमांचं पुस्तक आलं.

*

दादाच्या हाताला कंप सुटून दोन वर्षं झाली होती. आधी करंगळी, मग पूर्ण पंजा. थरथरता हात घेऊन कुणाच्या अंगावर सुई चालवता येत नाही. त्याने दुकान बंद केलं, सामान पेटीत भरून पलंगाखाली सारलं. औषध होतं, ते रोज घ्यावं लागायचं, आणि ते बारकीच्या पगारातून यायचं. तिची नोकरी गेली की दादाच्या गोळ्या गेल्या. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. बोलायची गरज नव्हती.

*

गणवेश अर्ध्या बाह्यांचा होता. आत लांब बाह्यांचं काही घालायचं नाही, हे कलम नऊ. चेहऱ्याला लावायची क्रीम तिने मनगटाला थापून पाहिली. ती चष्म्याच्या काडीला लागली, आणि काडीवरून एका गृहस्थांच्या पांढऱ्या कॉलरला. मग तिने मनगटाला बँडेज गुंडाळलं.

बँडेजला तिने दिलेली उत्तरं:

भाजलं.

मुरगळलं.

मांजर.

काही नाही हो, जरा.

एक म्हातारे आजोबा पट्टीच्या मागून हळूच म्हणाले, "घरात कुणी हात उगारतं का गं पोरी? सांग मला. मी पोलिसात होतो." "नाही आजोबा," ती म्हणाली, आणि आजोबांना ते खरं वाटलं नाही हे तिला त्यांच्या दोन्ही बुबुळांत दिसलं.

गोगलगायीबद्दल सात वर्षांत जेवढं विचारलं गेलं नव्हतं तेवढं बँडेजबद्दल दोन आठवड्यांत विचारून झालं.

*

"ये, बस. दार लोटून घे." मॅनेजरबाई वाईट नव्हत्या. "एका बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, जखमेचा हात माझ्या मुलाच्या तोंडाला लावला."

"जखम नाहीये. तुम्हाला माहितेय."

"मला माहितेय गं. त्यांना काय सांगू? जखम नाही, खाली टॅटू आहे?"

"सांगा की."

"आणि वर काय सांगू?" बाईंनी छताकडे बोट केलं, जणू कंपनी वरच्या मजल्यावर राहत होती.

"मॅडम, त्याच्यामुळे मुलं गप्प बसतात. तुम्हीच नव्या मुलींना सांगायचात, हिच्याकडून शिका म्हणून."

"माझं काही म्हणणं नाही. मला आवडायची ती."

आवडायची. मॅनेजरबाईंच्या लेखी गोगलगाय गेलेलीच होती.

"लेझर करून टाक," बाई म्हणाल्या. "हल्ली सगळे करतात. दोन महिने आहेत अजून."

*

"लेझर?" दादा म्हणाला. "डोकं फिरलंय का तुझ्या मॅडमचं? फोड येतात. सहा-सात वेळा जावं लागतं, तेही महिन्या-दीड महिन्याने. दोन महिन्यांत काय होणार, डोंबल? आण इकडे हात."

"नको."

"नको काय? माझी आहे ती. मी आणली, मी घालवतो."

"घालवतो म्हणजे?"

"वरून रंग भरतो. तुझ्या कातडीचा."

"दादा, तूच म्हणायचास ना, तसलं मागणाऱ्याला चहा पाजून..."

"ते गिऱ्हाइकांना. तू काय गिऱ्हाईक आहेस?"

तो तेव्हाच गुडघ्यांवर बसून पलंगाखालची पेटी ओढत होता. पेटीवर धूळ नव्हती. म्हणजे हा अधूनमधून ती काढून पुसत असला पाहिजे, ती कामावर असताना. त्या पुसलेल्या झाकणाकडे बघून तिच्या तोंडातलं पुढचं "नको" तोंडातच राहिलं.

काळ्या रेषेवर कातडीचा रंग टिकत नाही हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. त्यानेच तिला सांगितलेलं.

रविवारी तो दाढी करून बसला. सकाळची गोळी घेतली आणि दोघं घड्याळाकडे बघत थांबले. वीस मिनिटांनी त्याने हात पुढे करून धरला. हात स्थिर राहिला. त्याने फुटक्या फरशीच्या तुकड्यावर पांढरा, पिवळा आणि किंचित तपकिरी रंग घोटला, तिच्या कोपराशी नेऊन ताडून पाहिला, पुन्हा घोटला.

"हलू नकोस," तो म्हणाला. "हलायचं खातं माझ्याकडे आहे."

दोन वर्षांत त्याने केलेला तो पहिला विनोद. असे तीन रविवार. कड कळू नये म्हणून त्याने गोगलगायीच्या चहूबाजूंनी बाहेरपर्यंत रंग पसरवला. दर वेळी पाऊण तास. शेवटच्या रविवारी शेवटची दोन-तीन मिनिटं हात पुन्हा कापायला लागला होता, आणि तिने तोंडातून आवाज काढला नाही.

*

आधी सूज. मग खपली. मग खरोखर काही नव्हतं.

"आज कुणी विचारलं?" दादा रोज संध्याकाळी दारातच विचारायचा.

"कुणी नाही."

"एकानेसुद्धा?"

"एकानेसुद्धा."

"पिवळा कमी घातला ते बरं झालं," तो म्हणायचा, आणि जेवणावर ताव मारायचा. त्या दिवसांत त्याला भूक लागत होती.

हे पाच आठवडे टिकलं.

सहाव्या आठवड्यात तो भाग इतर कातडीपेक्षा फिकट झाला. मग फिकटाचा पिवळट. मग त्या पिवळटातून शंखाचे वळसे वर यायला लागले, पुसट, निळसर, एखादी नस फुगावी तसे. दादाने विचारणं बंद केलं. त्यानेही बघितलं होतं. दोघं जेवताना ती डावा हात मांडीवर ठेवायला लागली.

दुकानात एका बाईंनी चेहरा मागे घेतला. "पसरतं का हो हे? नाही, मुलं आहेत घरात म्हणून विचारलं."

मॅनेजरबाईंनी या वेळी दार लोटायला सांगितलं नाही. उभ्या उभ्याच एक चिठ्ठी दिली. "ही लेझरवाली माझ्या ओळखीची आहे, उद्याच जा. एका बैठकीत जेवढं पुसट होईल तेवढं होऊ दे. मी वर सांगते, उपचार चालू आहेत. पण आता हे शेवटचं हं."

*

लेझरवाल्या बाईंनी मनगट दिव्याखाली धरलं. अंगठ्याने कातडी ताणून पाहिली.

"याच्यावर कुणी वरून काही भरलंय का?"

"नाही."

"मग हे पिवळट कशाने?"

"बँडेज होतं. ऊन लागलं नाही."

"पांढरी किंवा कातडीच्या रंगाची शाई असेल तर आत्ता सांगा. मग मला आधी एक ठिपका मारून थांबावं लागेल, चार दिवसांनी बघावं लागेल."

बारकीच्या मनात तेवढ्यात बरंच काही येऊन गेलं. चार दिवस. कुणी भरली, कुठे भरली हा पुढचा प्रश्न. घरातला पलंग. परवाना नसलेला, हाताला कंप असलेला माणूस. याचा कागद होईल, कागद कुठेतरी जाईल. कुणी दादाच्या दारात येऊन उभं राहील आणि म्हणेल, हे तुम्ही केलंत?

"नाहीये," ती म्हणाली.

बाईंनी तिला काळा चष्मा लावला. टक, टक, टक. केस जळल्याचा वास आला. आधी तो सगळा भाग फेसासारखा पांढरा झाला. "असंच होतं," बाई म्हणाल्या. "उतरेल वीस मिनिटांत."

वीस मिनिटांत पांढरं उतरलं. खाली पाटीसारखं काळं होतं. जिथे जिथे दादाने रंग भरला होता तिथे तिथे तो काळा पडला होता, कडेपर्यंत, नीट. गोगलगाय अंगठ्याएवढी होती. हा तळहाताएवढा डाग होता.

लेझरवाल्या बाईंनी मशीन बंद केलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला विचारलं होतं मी."

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंत."

*

दादाने दुरूनच ओळखलं. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"तिने विचारलं नाही?"

"विचारलं."

"मग?"

ती चप्पल काढत राहिली. एकच चप्पल, बराच वेळ.

"सांगायचं होतंस. माझं नाव घ्यायचं होतंस."

"तुला आधी विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"म्हणालो असतो, सांग. खुशाल सांग."

"खोटं."

दादा खुर्चीत बसला. गोळीचा असर उतरायला लागला होता. त्याने एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

"हो," तो म्हणाला.

*

मॅनेजरबाईंनी डाग पाहिला आणि तोंडाला पदर लावावा तसा हातातला कागदच तोंडाशी नेला. त्यांनी वर विचारलं. वरून उत्तर यायला एक दिवस लागला. मागे घासूकाकांच्या हाताखाली घेता येईल का, तर नाही; नवीन मशीन येतंय, तेव्हा काकांनाच ठेवायचं की नाही हे ठरायचंय.

राजीनाम्याच्या कागदावर "कारण" असा रकाना होता. तो बाईंनी स्वतःच भरला: वैयक्तिक.

शेवटचा आठवडा तिने नव्या मुलीला शिकवलं. पट्टी कशी धरायची, काडी किती गरम करायची, कानामागे वाकवताना श्वास का रोखायचा. मुलगी हुशार होती. तिचे दोन्ही हात स्वच्छ होते. एकदा काड्या वाकवता वाकवता तिने विचारलं, "ताई, जन्मापासून आहे का हे?"

"हो," बारकी म्हणाली. "तू काडीकडे लक्ष दे. जळेल."

ती निघताना घासूकाका दारापर्यंत आले. "चल मग," एवढंच म्हणाले.

*

तिने चार ठिकाणी विचारून पाहिलं. कपड्यांचं दुकान, औषधांचं दुकान, एका दवाखान्यातली नोंदणीची खिडकी, एक हॉटेल. चारही ठिकाणी खुर्ची लोकांसमोरची होती. चारही ठिकाणी समोरच्याची नजर आधी तिच्या चेहऱ्यावर, मग खाली, मग पुन्हा चेहऱ्यावर आली. "कळवतो," ते म्हणाले. आता हा टॅटू आहे की आजार, हे कुणाला विचारायचीही गरज वाटली नाही.

दादाने गोळ्या दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. तिला सांगितलं नाही. तिला ते कळलं सकाळी स्वयंपाकघरात पाठमोरी असताना, बशीवर वाजणाऱ्या कपाच्या आवाजावरून. ती वळली नाही. कप वाजत राहिला, मग त्याने तो बशीतून उचलून नुसता टेबलावर ठेवला. तेव्हा आवाज थांबला.

"साखर कमी आहे का?" तिने पाठमोरीच विचारलं.

"नाही, बरोबर आहे."

*

नियम येण्याआधीच्या वर्षी दुकानाच्या तक्रारवहीत एकसष्ट तक्रारी होत्या: चष्मा उशिरा मिळाल्याच्या चाळीस, काचेवर ओरखडा असल्याच्या चौदा, गाडी लावायला जागा नसल्याच्या सात.