माइक बिघडला नव्हता

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. सभागृहामागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या तळाशी 'नादुरुस्त' असं लिहिलेलं पुठ्ठ्याचं खोकं आहे, आणि त्यात माझा मुक्काम आहे. सोबतीला एक फुटकी घंटा, वाळलेले खडू आणि माझ्याच जातीचा दुसरा माइक. आम्ही दोघेही ठणठणीत आहोत. माझी जाळी शाबूत आहे, आतला पडदा शाबूत आहे, तार कुठेही तुटलेली नाही. आज कुणी मला जोडलं तरी मी पहिल्यासारखा आवाज पोचवीन. पण खोक्यावर एकदा शब्द लिहिला गेला की आतल्याला कोण विचारतो?

तुम्ही म्हणाल, हा फार कडवट बोलतो. बोलतो खरा. गोड बोलणारे माझ्यासमोर इतके होऊन गेले की माझ्या वाट्याची साखर केव्हाच संपली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलावर आम्ही ओळीने पडलेले असायचो. तार जोडून झाली की एक बाई आम्हाला एकेक करून हातात घ्यायची आणि काहीतरी बोलायची. खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस कानाला यंत्र लावून बसलेला असे. तो ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणायचा. ती बाई मोठी खट्याळ होती. कधी कुजबुजायची, कधी नाक दाबून बोलायची. माझी पाळी आली तेव्हा तिच्या तोंडात घास होता.

"अगं, गिळ आणि मग बोल की," तो माणूस ओरडला.

"माणसं काय सगळी सारखी बोलतात?" ती तशीच म्हणाली. "कळलं की नाही, ते सांग."

"कळलं."

"मग झाला हा पास."

असा मी पास झालो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथून मी या भागाच्या कार्यालयात आलो. लोकांच्या कामाच्या खिडक्या तळमजल्यावर, सभागृहही तिथेच. पण दारात एक उंच पायरी. मला एका उभ्या दांडीवर बसवलं. दांडीचा स्क्रू अध्यक्षांच्या तोंडाच्या उंचीला घट्ट केला, तो तिथेच गंजला. त्यामुळे ज्याची उंची अध्यक्षांएवढी, त्याचं म्हणणं स्पष्ट ऐकू जायचं. बुटक्यांनी टाचा उंचावायच्या. बसणाऱ्यांचा विचार कुणी केलाच नव्हता.

पहिली वर्षं मजेत गेली. उद्घाटनं, निरोप समारंभ, बक्षीस वाटप. "माइक एक नंबर आहे हो!" असं लोक म्हणायचे आणि मी उगाच फुगायचो. साउंडवाले काका रोज मऊ फडक्याने माझी जाळी पुसायचे. अध्यक्ष तासन्तास बोलायचे. त्यांच्या बोलण्यात 'आपण सर्वांनी मिळून' हे शब्द इतक्या वेळा यायचे की मला ते झोपेतही ऐकू यायचे. मिळून मात्र कुणीच काही करत नसे. सगळे मिळून टाळ्या वाजवायचे आणि चहा प्यायचे.

मग एक समिती निघाली. या भागातल्या अपंग माणसांना कोणती मदत हवी, ते त्यांनाच विचारायचं, अशी ती समिती. कल्पना ऐकून मीसुद्धा खूश झालो. दारावर पाटी लागली. पाटीवर आधी 'अपंग' लिहिलं होतं. ते बरं दिसत नाही म्हणून पुढे 'दिव्यांग' रंगवलं. पाटी दोनदा रंगली, पायरी तशीच राहिली.

त्या पायरीवरून दर बैठकीला एक चाकाची खुर्ची उचलून आत आणली जायची. एका बाजूला साउंडवाले काका, दुसऱ्या बाजूला खुर्चीतल्या बाईंचा थोरला भाऊ. त्या बाई छापखान्यात काम करायच्या. छापायला जाणारी पानं वाचून त्यातल्या चुका काढायच्या. सगळा भाग त्यांना प्रूफवाली म्हणून ओळखायचा. जन्मापासून त्यांचे हातपाय त्यांचं ऐकत नसत आणि जीभही हळू चालायची. एकेक शब्द त्या ओढून आणायच्या. पण आलेला शब्द नेमका असायचा. अध्यक्षांच्या तासाभराच्या भाषणात तसे दोन सापडायचे नाहीत.

बैठकीत प्रत्येकाला बोलायला मिळावं म्हणून काका मला दांडीवरून काढून हातोहात फिरवायचे. आणि दर वेळी एकच गोष्ट व्हायची. मी प्रूफवालीपाशी पोचायचो आणि तिच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या भावाच्या हातात जायचो. कुणी ठरवलं नव्हतं. खुर्ची दिसली की लोकांचा हात आपोआप खुर्चीमागच्या माणसाकडे वळायचा. माझी तार तिच्या खांद्यावरून, गालाला घासत जायची. ती मान वळवून माझ्याकडे बघायची. मी काय करणार? माझ्या मनासारखं वळायला मला पाय कुठे होते?

भाऊ वाईट नव्हता हो. बहिणीसाठी त्याने खस्ता काढल्या होत्या. पण चारचौघांत साहेबांसमोर तो लोण्यासारखा वितळायचा. "आमची काही तक्रार नाही, साहेब. आपण ठरवाल ते योग्यच असेल," असं म्हणून मला परत द्यायचा. समितीला असे सदस्य फार आवडतात.

आता खरी गोष्ट ऐका. प्रूफवालीकडे रोज सकाळी सातला एक मदतनीस मावशी यायच्या. या कार्यालयानेच त्यांना नेमलं होतं. त्या तिला उठवायच्या, आंघोळ घालायच्या, कपडे चढवून खुर्चीत बसवायच्या आणि छापखान्यापर्यंत सोडायच्या. भावाची पाळी पहाटेची, तो त्याआधीच घराबाहेर पडलेला असायचा; बैठकीलाही कामावरून थेट यायचा. म्हणजे मावशी आल्या तर तिचा दिवस सुरू. नाही आल्या तर ती पलंगावर.

त्या बैठकीत सचिवबाईंनी नवी योजना मांडली. सगळ्या मदतनिसांना आता एकाच गाडीने घरोघर सोडायचं. गाडी सकाळी दुसऱ्या कामावर असते, म्हणून ती दुपारी निघेल. "सगळ्यांच्याच दृष्टीने सोयीचं आहे," बाई म्हणाल्या. सगळे म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

"छान. कुणाला काही सूचना?" अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

मी निघालो. एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रूफवालीपाशी आलो आणि नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यावरून वर उचलला गेलो. भावाने हात पुढे केला.

तेवढ्यात प्रूफवालीने माझी तार पकडली.

तिचा डावा हात जरा बरा चालायचा. त्या हाताने तिने तार मनगटाला गुंडाळली आणि ओढली. भावाच्या हातातून सुटून मी थेट तिच्या मांडीवर पडलो. धप्प असा मोठा आवाज झाला. झोपलेले दोन सदस्य जागे झाले.

"अगं, काय करतेस? मी सांगतो ना," भाऊ कुजबुजला.

"दादा... नको," ती म्हणाली. "मी... बोलते."

कोपऱ्यात मावशी उभ्या होत्या. त्यांना तिचं बोलणं सवयीने कळायचं. त्या लगबगीने पुढे आल्या. "साहेब, ती म्हणतेय की..."

"मावशी... तुम्ही पण... नको."

आणि मग मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यात बोलली. तिचा श्वास माझ्या जाळीवर आला. हात थरथरत होता, त्यामुळे मी मध्येच तिच्या हनुवटीला लागत होतो. पण मी एकही शब्द सांडला नाही. ती म्हणाली, "मला सकाळी उठायचंय. दुपारी उठले, तर कामावर कधी जाऊ? माझी सकाळ तुम्ही मला न विचारता कशी काढून घेता?"

एवढंच. लहान मुलालाही कळेल असं. थोडं थांबून, थोडं कान देऊन ऐकलं की झालं. कारखान्यातल्या त्या माणसाने तोंडात घास असलेल्या बाईचं ऐकलं होतं तसं.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मला वाटलं, पोचलं! मग अध्यक्षांनी कपाळाला आठी घातली आणि साउंडवाल्या काकांकडे वळले.

"अहो, माइकला काय झालंय? आवाज फाटतोय."

काकांनी येऊन मला तळहातावर ठोकलं. बटण मागेपुढे केलं. "आत्तापर्यंत तर नीट होता," ते पुटपुटले.

"आवाज वाढवून बघा."

काकांनी आवाज इतका वाढवला की मी कर्कश शिट्टी मारली. तसं केलं की कोणताही माइक शिट्टी मारतो. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. "बघा! बिघडलाय म्हटलं ना?" अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. बिघाड यंत्रात निघाला की माणसं कशी मोकळी होतात, ते मी तेव्हा जवळून पाहिलं.

काकांनी आतून दुसरा माइक आणला, हाच, जो आता माझ्याशेजारी पडलाय. प्रूफवालीने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती घामाघूम झाली होती. त्यानेही बिचाऱ्याने शब्द न शब्द पोचवला.

"हाही गेलेला दिसतो," सचिवबाई म्हणाल्या.

नाचता येईना अंगण वाकडे, म्हणतात ना? इथे ऐकता येईना आणि माइक वाकडा. मला ओरडावंसं वाटलं की अहो, मी धडधाकट आहे, ती नीट बोलतेय, फक्त जरा हळू. पण माझा स्वतःचा आवाज नाही. दुसऱ्याने बोलावं तेव्हाच मी वाजतो. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला.

"ताई, माफ करा हं," अध्यक्ष तिला म्हणाले. तिला म्हणाले म्हणजे, बघत होते भावाकडे. "तांत्रिक अडचण आहे. तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या. काय हो, गाडी दुपारी आली तर चालेल ना?"

मागे उभ्या भावाने बहिणीकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं.

"चालेल, साहेब."

टाळ्या वाजल्या. चहा आला. प्रूफवालीच्या मनगटाला माझी तार अजून गुंडाळलेली होती. काकांनी ती हळूच सोडवली. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भावाकडे बघत होती, आणि भाऊ कपात.

त्याच संध्याकाळी आम्हा दोघांना खोक्यात टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी आमची गत झाली.

त्यानंतरचं मी फक्त ऐकून सांगतो, कारण कपाटाचं दार नीट लागत नाही. मावशींच्या सकाळी आता मोकळ्या. म्हणून त्यांना सभागृह झाडायला लावलंय. झाडता झाडता त्या एकदा काकांशी बोलत होत्या.

"छापखान्याने दुसरं माणूस घेतलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी तरी किती दिवस थांबायचं?"

"मग ती काय करते दिवसभर?"

"माझी वाट बघते. मी जाते तेव्हा छताकडे डोळे लावून पडलेली असते. आधी मी सकाळी यायचे तेव्हा बडबड करायची, सावकाश, पण करायची. आता बोलतच नाही. परवा म्हटलं, अगं, काहीतरी बोल. तर म्हणाली, माइक बिघडलाय."

मावशी गेल्यावर काकांनी कपाटाचं दार उघडलं. मला बाहेर काढलं, तार लावली आणि अगदी हळू म्हणाले, "हॅलो." रिकाम्या सभागृहात त्यांचा हॅलो लख्ख उमटला. ते बराच वेळ मला हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी जुन्या फडक्याने माझी जाळी पुसली आणि मला परत खोक्यात ठेवलं. सांगायचं कुणाला, आणि साहेबांना खोटं पाडून नोकरी कशी टिकवायची, हे प्रश्न त्यांनाही होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाकीच्यांना कळूनही उपयोग नसतो.

समिती मात्र जोरात चालू आहे. तिच्या बैठका सकाळी अकराला असतात. मावशींची गाडी दुपारी. तेव्हा प्रूफवाली येणार कशी? मागच्या बैठकीत तिची जागा रिकामी दिसली, तेव्हा अध्यक्षांचा आवाज इथपर्यंत ऐकू आला. "आपण एवढं करतो, पण या लोकांना स्वतःलाच उत्साह नाही," ते म्हणाले. कुणीतरी हळहळल्यासारखं च्च् च्च् केलं. तिचा भाऊ तिथे होता की नाही, मला माहीत नाही. असला तरी तो बोलला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला जपा, धूळ पुसा, अडगळीत टाकू नका, असं. मला त्यातलं काही नको. खोक्यात मी सुखी नसलो तरी मला दुखत नाही. मी मागतो ते दुसऱ्यासाठी. तुमच्या वर्गात, गल्लीत, घरात कुणी हळू बोलत असेल, अडखळत बोलत असेल, हातांनी बोलत असेल, तर त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघू नका. त्याच्याकडेच बघा. नाही कळलं तर लाजू नका, पुन्हा विचारा, आणि त्यालाच विचारा. तुमची घाई म्हणजे त्याचा दोष नव्हे. आणि ज्याच्या सकाळबद्दल काही ठरवायचं असेल, त्याला सकाळी बैठकीला येता येतं का, एवढं तरी आधी बघा.

आता मला थांबायला हवं. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत आहेत. आज समितीची बैठक आहे. नवा माइक आणलाय, चकचकीत आहे म्हणे. साउंडवाले काका त्याच्यावर फुंकर मारताहेत.

"हॅलो, हॅलो. आवाज येतोय ना सगळ्यांना?"

"येतोय, येतोय!" सगळे एका सुरात म्हणताहेत. "अगदी स्पष्ट येतोय."