तिसऱ्या खुंटीवरचा कप

मित्रांनो, मी एक जुना कप आहे आणि माझी शेवटची कॉफी अर्धीच राहिली आहे.

फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या स्वयंपाकघरात, तिसऱ्या खुंटीवर मी टांगलेला असतो. मला रीस्तोच्या आईने घडवलं. भट्टीत माझा कान जरा वाकडा झाला, पण रीस्तोचं बोट त्यात बरोब्बर बसायचं. रीस्तो इथला संशोधन सहायक. हिवाळाभर तो गोठलेल्या तळ्याला भोकं पाडी, पाण्याचं तापमान वहीत लिही आणि परत आला की गारठलेले हात माझ्याभोवती धरून बसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये वहीतला एक रकाना रिकामा राहिला.

"ओढा तळ्याला मिळतो तिथला तेवढा आकडा घेऊन ये ना," प्रोफेसर राइलीबाई म्हणाल्या.

"हा आलोच," म्हणून रीस्तो माझ्यात अर्धी कॉफी तशीच ठेवून उठला. मार्चमध्ये तिथला बर्फ आतून ठिसूळ झालेला असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. रीस्तो परत आला नाही.

आमच्याकडे दुसऱ्याच्या कपाला कुणी हात लावत नाही. राइलीबाई मात्र दर शुक्रवारी मला स्वतः धुतात, पुसतात. तरी सकाळी माझ्या तळाशी घोटभर गार पाणी असतं आणि त्याला तळ्याचा वास येतो. टांगलेल्या कपात पाणी राहत नाही, हे मलाही कळतं.

रीस्तोच्या जागेसाठी मुलाखती व्हायच्या त्या माझ्यासमोरच. बाई शेवटी एकच विचारायच्या, "एक आकडा राहिला, तर काय कराल?"

"लगेच जाऊन आणेन!" सगळे उत्साहाने म्हणायचे. बाई मान खाली घालायच्या. जागा रिकामीच राहायची.

मग सेल्मा आली. तीन ठिकाणी नकार पचवलेली. ही नोकरी हुकली तर संशोधन सोडून वडिलांच्या लाकडाच्या वखारीत बसायची पाळी. दुसऱ्या कामावर नव्याने रुजू झालेल्या लासेला माझी गोष्ट माहीत नव्हती. त्याने मलाच काढून तिला कॉफी ओतली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्यांनी मुलाखत चालू ठेवली. शेवटी त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"त्यात काय, मी लगेच..."

मी तिच्या हातात बर्फासारखा गार पडलो. तिचं बोट माझ्या वाकड्या कानात अडकलं आणि मी ते सोडलं नाही. दुसरं मला काय येतं? तिने आत पाहिलं. कॉफी नव्हती. नितळ, काळंशार पाणी होतं.

"नाही," ती हळूच म्हणाली. "नाही जाणार मी. रकाना रिकामा ठेवीन आणि कारण लिहीन." नोकरी गेली असं वाटून तिचे डोळे भरले.

"अगं, एका आकड्यापायी वर्षाची मेहनत पाण्यात जाईल की!" लासे हसला.

"जाऊ दे," बाईंचा आवाज फाटला. "रीस्तोला मीच पाठवलं होतं. सेल्मा, सोमवारपासून ये तू."

आता चौथ्या खुंटीवर सेल्माचा कप आहे. मी अजून रोज सकाळी भरतो. बाई माझ्यात डोकावतात आणि मग तिला विचारतात, "बर्फाची जाडी मोजलीस?"

मित्रांनो, या लोकांनी मला इतकं जपलं की माझा टवकासुद्धा उडाला नाही. जपायचं होतं ते माणसाला. कुणी 'हा आलोच' म्हणून उठलं, तर आधी त्याला कॉफी संपवू द्या.