माहितीदाता ब

आयुष्यभर मी छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यांच्या चुकांभोवती लाल शाईनं गोल काढायचा, हे माझं काम. त्यात माणसांशी बोलावं लागत नाही, म्हणून ते मला मानवलं. निवृत्त झाल्यावर विद्यापीठात नाव घातलं, तेही समाजशास्त्र आणि मानवशास्त्र या विषयाला. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. माणसांबद्दल एखादं चांगलं पुस्तक नेमलेलं असेल, असं बहुधा वाटलं असावं.

लेक हसतच सुटली. "बाबा, घरात चार माणसं आली की तुम्ही पुस्तक घेऊन गॅलरीत जाऊन बसता. आणि आता माणसांचा अभ्यास?"

"पोहता येत नाही म्हणून काय मासे पाळू नयेत?" जावई म्हणाला. तो माझी बाजू घेतोय, असं मी धरून चाललो.

लेखी परीक्षा मला जड गेल्या नाहीत. कुठल्या बेटावर कुणी कुणाशी लग्न करावं आणि कुणाकडे पाहूसुद्धा नये, याची आकृती मी डोळे मिटून काढत असे. लेकीच्या सासरची माणसं मात्र मला अजूनही ओळखू येत नाहीत.

अडलं ते क्षेत्रकार्यावर. क्षेत्रकार्य म्हणजे माणसांत जाऊन बसायचं आणि ती कशी वागतात ते टिपायचं. पहिल्या खेपेला मी केस कापण्याचं दुकान निवडलं आणि समोरच्या बाकावर वर्तमानपत्र आडवं धरून बसलो. क्षेत्रकार्य तपासणाऱ्या मॅडमनी अहवालावर शेरा मारला, 'हा वर्तमानपत्राचा अभ्यास आहे.' शेऱ्याभोवती लाल शाईचा गोल होता. तो गोल आतून कसा दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

"तुम्हाला माणसांत मिसळता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "एक शेवटची संधी देते. नाहीतर विषय बदला. ग्रंथालयशास्त्र वगैरे."

हे वाक्य मी आईकडून ऐकलं होतं, बायकोकडून तर नेहमीच. पण त्या दोघींनी मला नापास केलं नव्हतं.

मॅडमनी जागाही सुचवली. त्यांच्याच सांगण्यावरून सार्वजनिक वाचनालयानं मागच्या खोलीत एक टेबल सुरू केलं होतं. बाहेर पाटी होती, 'एकटे आहात? गुरुवारी सकाळी या. चहा मिळेल.' मॅडम स्वतः तिथे कधी गेल्या नव्हत्या. संशोधकाच्या पायरवानं वातावरण बिघडतं, असं त्यांचं मत होतं.

"पण मी अभ्यासाला आलोय, हे त्या लोकांना सांगायचं का?"

मॅडमनी चष्मा काढला. चष्मा निघाला की नीतीचा प्रश्न आला, असं आम्ही विद्यार्थी समजायचो. "विचारलं तर सांगायचं. न विचारता सांगितलं की माणसं बिघडतात."

"आणि किती माणसं घेऊ?"

"दोन पुरे. खोलात जा. नावं द्यायची नाहीत. माहितीदाता अ, माहितीदाता ब. जागेचंही नाव नको."

वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक लांबट टेबल होतं, खिडकीवर फाटकी जाळी होती आणि विजेची किटली होती. ग्रंथपालबाई किटली लावून जात, त्या पुन्हा दिसत नसत. टेबलाशी दोन माणसं आधीच बसलेली होती. एक दातांचे डॉक्टर, दवाखाना बंद केलेले. समोरचा माणूस बोलू लागला की यांची नजर त्याच्या डोळ्यांवर न जाता थेट दाढांवर जाई. दुसऱ्या बाई लोकरीचं दुकान चालवून थकलेल्या. त्यांना डॉक्टर मावशी म्हणत.

"मी काय यांची मावशी?" त्या मला म्हणाल्या. "माझ्यापेक्षा मोठे आहेत ते. तुम्ही शिक्षक होता ना? चेहऱ्यावरच दिसतं. या मास्तर, बसा."

मी शिक्षक नव्हतो. पण चूक लगेच दुरुस्त करायला हवी होती. तेव्हा मी खुर्ची ओढण्यात गुंतलो आणि मग वेळ निघून गेली. मी मास्तर झालो.

त्या टेबलावरच्या गप्पा मोठ्या विलक्षण होत्या. तिघंही प्रश्न विचारत आणि उत्तर कुणीच नीट देत नसे.

"मास्तर, संध्याकाळी घरी गेल्यावर तुम्हाला नेमकं काय वाटतं?" डॉक्टर विचारत.

"ठीक वाटतं. तुम्हाला?"

"मलाही ठीकच. मावशी, तुम्हाला?"

"माझं सोडा हो. पण ठीक म्हणजे कसं, ते जरा सांगा ना."

मला काही सुचलं नाही की मी बिस्किटांची बशी पुढे सरकवत असे. काही न सुचणं वारंवार होई, त्यामुळे बशी टेबलभर हिंडत राही.

तरी हळूहळू माहिती मिळाली. डॉक्टरांचा मुलगा परदेशात होता आणि फोन करत नव्हता. मावशींचं सख्ख्या बहिणीशी एका शिवणयंत्रावरून वाजलं होतं, पुन्हा तोंड पाहिलं नव्हतं. मलाही काहीतरी सांगणं भाग होतं. मी सांगितलं, की लेकीकडे राहतो, पण घरात कुणी माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. संशोधनासाठी एवढं खोटं चालतं, असं पुस्तकात होतं.

टिपणं समोर काढायची नाहीत, लघवीच्या निमित्तानं उठून आत जाऊन काढायची, असंही पुस्तकात होतं. मी तसं करू लागलो. पण आत बहुतेक वेळा कुणीतरी असेच. मी परत येतो तोच मावशी उठत, त्या येतात तोच डॉक्टर. कधी दाराशी रांग लागे आणि आम्ही एकमेकांकडे न पाहता भिंतीवरची सूचना वाचत उभे राहू. मी अहवालात लिहिलं, 'एकाकी ज्येष्ठांत लघवीचं प्रमाण लक्षणीय. कारण वैद्यकीय की सामाजिक, हे तपासणं आवश्यक.' या वाक्याचा मला अभिमान वाटला होता, हे इथे लपवत नाही.

घरीही फरक पडला. बुधवारी रात्री मी दुसऱ्या दिवसासाठी चांगला सदरा काढून ठेवू लागलो.

"बाबा, उद्या काय विशेष?" लेकीनं विचारलं.

"अभ्यास," मी म्हणालो.

अहवाल दिला. मग तोंडी परीक्षेचा दिवस आला. मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसतो तर शेजारी दातांचे डॉक्टर.

"मास्तर! तुम्ही इथे?"

"सहज. तुम्ही?"

"एका... पेशंटला भेटायला आलोय."

दवाखाना बंद झालेल्या माणसाचा पेशंट कोण, असं विचारायचं मला सुचलं नाही. तेवढ्यात मावशी आल्या, काखेत फाइल. आम्हाला बघून त्यांनी फाइल पदराखाली घेतली, पण ती तिथे मावेना. त्याच वेळी शिपायानं दार उघडून नावांऐवजी तुकड्या पुकारल्या. "नियमित एक, सायंकालीन एक, बहिःस्थ एक. सगळे आलेत का?"

तिघांनीही हात वर केले. मग ते हात खाली घ्यायचं भान कुणाला राहिलं नाही.

"म्हणजे माहितीदाता अ मी?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"हो. आणि मी?"

"तुम्ही ब."

"माझ्यातही मास्तरच ब आहेत," मावशी म्हणाल्या. "अगं बाई, म्हणजे त्या टेबलाशी एकटं असं कुणीच नव्हतं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण इथे तिघांच्या काखेत एकच कळसा होता. मी डॉक्टरांना विचारलं, "तुमचा मुलगा परदेशात आहे ना?"

"आमच्याच खालच्या मजल्यावर राहतो," डॉक्टर म्हणाले. "परदेश त्यापेक्षा जवळ पडेल. मावशी, तुमची बहीण?"

"मला बहीणच नाही. पण ते भांडण सांगता सांगता इतकं रंगलं, की परवा तिची आठवण येऊन रडले हो मी." त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमच्याशी घरात कुणी बोलत नाही, ते खोटं ना?"

ते खोटं आहे असं समजूनच मी सांगितलं होतं. उत्तर टाळावं म्हटलं तर बशीही नव्हती सरकवायला.

शिपायानं मला आत जायला सांगितलं. मावशींनी माझी बाही धरली. "हे बघा, आत काही बोलू नका. हे कळलं की तिन्ही अहवाल रद्द. मला पुन्हा एक वर्ष काढू देणार नाहीत घरचे."

"झाकली मूठ ठेवा," डॉक्टर म्हणाले. "तसेही तुम्ही कमीच बोलता."

मी मान हलवली. पण मान हलवताना मला स्वतःची भीतीच वाटत होती. चाळीस वर्षं जो हात चुकीभोवती गोल काढत आला, तो चूक दिसल्यावर गप्प कसा राहणार?

मॅडम फार खुशीत होत्या. टेबलावर तिन्ही अहवाल उघडे होते.

"बसा. मी चकित झालेय. तीन स्वतंत्र अभ्यास, सहा माहितीदाते, आणि एकच चित्र!"

सहा. मी मनातल्या मनात बेरीज केली. वाचनालयाच्या खोलीत आम्ही तिघंच होतो.

"हे ऐका," मॅडम म्हणाल्या. "एका अहवालातला माहितीदाता ब, संवाद अवघड झाला की बिस्किटांची बशी पुढे सरकवतो. आणि हा दुसरा अहवाल, दुसरा संशोधक, तिथलाही माहितीदाता ब बशी सरकवतो! हा योगायोग नाही. हा समूहाचा संकेत आहे. परिषदेत मी यावरच बोलणार आहे, 'मौनाचा बिस्किटव्यवहार'."

"मॅडम..."

"थांबा, हे वाक्य तर अप्रतिम आहे. 'ब एकाकी आहे, पण ते त्याला माहीत नाही. गुरुवारी त्याचा सदरा इस्त्रीचा असतो.'"

कुणी लिहिलं होतं, ते मी विचारलं नाही. इस्त्रीकडे बहुधा मावशींचं लक्ष गेलं असावं. डॉक्टरांना दातांपलीकडचं कुठे दिसतं? मी माझ्या सदऱ्याच्या घडीकडे पाहत बसलो. माझ्याबद्दल इतकं नीट कुणी कधी लिहिलं नव्हतं, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखंही काही नव्हतं.

बेरीज मात्र चुकलेली होती. बाहेर दोन माणसं माझ्या भरवशावर बसली आहेत, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी तोंडातून निघून गेलं.

"मॅडम, तो ब मीच आहे. दोन्ही अहवालांतला. आणि माझ्यातले अ आणि ब बाहेर बाकावर बसलेत."

मॅडमनी चष्मा काढला. मी डोळे मिटले. संपलं, असं वाटलं, आणि ते माझं एकट्याचं नव्हतं.

"वा!" मॅडम म्हणाल्या.

मी डोळे उघडले.

"संशोधक स्वतःच माहितीदाता! तुम्ही त्यांच्यात स्वतःला पाहिलंत. इतकं एकरूप होणं फार थोड्यांना जमतं. आणि 'बाहेर बाकावर बसलेत'! काय प्रतिमा आहे. समाजाच्या बाकावर. लिहून घेते."

"प्रतिमा नाही हो, खरंच बसलेत. शिपायाला विचारा."

"खरंच बसलेत," त्यांनी लिहिता लिहिता म्हटलं. "आपण सगळेच बसलोय. आणि मी म्हटलं होतं, तुम्हाला माणसांत मिसळता येत नाही!" त्यांनी लाल पेन उचललं आणि गुणांच्या आकड्याभोवती मोठा गोल काढला. आकडाही मोठा होता.

मी बाहेर आलो तेव्हा डॉक्टर उभेच राहिले.

"बोललात?"

"सगळं सांगितलं."

मावशी मटकन बाकावर बसल्या. "मेलो!"

"पास झालो," मी म्हणालो. "तुम्हीही व्हाल. त्यांना ते फार आवडलं."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बशी हवी होती असं पुन्हा वाटलं.

तेही पास झाले. मॅडम परिषदेला गेल्या, तिथे म्हणे बिस्किटांवरून दोन विद्वानांत चांगलीच जुंपली. एकाच्या मते ते देवाणघेवाणीचं लक्षण होतं, दुसऱ्याच्या मते सत्तेचं. माझ्या मते ती बिस्किटं मऊ पडलेली असायची. पण मला कुणी विचारलं नाही.

घरी मी गुणपत्रिका दाखवली. लेक म्हणाली, "वा बाबा," आणि तिचा फोन वाजला. मी गुणपत्रिका घडी घालून पुस्तकात ठेवली.

पुढचा गुरुवार आला. काम संपलेलं होतं, वाचनालयात जायला काही कारण उरलं नव्हतं. तरी सदरा काढून ठेवलेला होता. थोडी माहिती अपुरी राहिली असेल, असं स्वतःला बजावून मी गेलो. डॉक्टर आधीच बसले होते.

"चष्मा राहिला होता इथे," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मावशी आल्या. त्यांनी कारण शोधण्याची तसदीही घेतली नाही. "तो खालच्या मजल्यावरचा काय म्हणतो?" खुर्ची ओढता ओढताच त्यांनी विचारलं, आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा पूर्ण उत्तर दिलं. ते लांबलचक होतं, त्यात सुनेविषयी बरंच अन्यायाचं होतं. कुणी उठून आत गेलं नाही.

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. नवी चप्पल, नवी पिशवी, चेहऱ्यावर मोठी सहानुभूती. "मी एकटी असते," त्या पाठ केल्यासारखं म्हणाल्या. "बसू का?"

त्या बसल्या. आम्हाला प्रत्येकाला, संध्याकाळी घरी गेल्यावर नेमकं काय वाटतं, ते विचारलं. मग म्हणाल्या, "बाथरूम कुठे आहे हो?"

डॉक्टरांनी बोट दाखवलं. दार लागल्याचा आवाज आला. डॉक्टर पुढे वाकून कुजबुजले, "मॅडमची नवी तुकडी. सांगायचं का हिला?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे या बाबतीत मी बोलायचं, असं दिसत होतं.

"विचारलं तर सांगायचं," मी म्हणालो, आणि बशी रिकाम्या खुर्चीसमोर सरकवून ठेवली.