डोळे लावा, सोनुबाई

मित्रांनो, पळसदरीच्या सोनुबाईंना माझ्या पोटात तासभर निजून काय मिळणार होतं? स्वतःच्या मेंदूचा एक फोटो. "सासूबायना डोकंच नाय," असं सून नम्रता चारचौघींत बोलून गेली होती. सोनुबाईंना तिच्या तोंडावर पुरावा टाकायचा होता. माझा स्वार्थ याहून मोठा होता. मी एक जुनं एमआरआय यंत्र आहे.

बारा वर्षं मी मुंबईच्या एका दवाखान्यात लोकांचे गुडघे आणि मणके तपासले. तिथे नवं यंत्र आलं आणि माझी पाठवणी भिसेगावच्या संशोधन केंद्रात झाली. इथल्या संशोधक आरोहीने मला नवी विद्या शिकवली. माणूस चेहरा पाहतो तेव्हा मेंदूत रक्त एका जागी धावतं, घर पाहतो तेव्हा दुसऱ्या. ती धावपळ मी टिपायची आणि माणसाला काय दिसतंय ते संगणकाने सांगायचं. आजची चाचणी फसली, तर माझी रवानगी भंगारात ठरलेली होती. टेंपोही दारात उभा होता.

मंगळसूत्र, जोडवी उतरवून सोनुबाई आडव्या झाल्या.

"आजी, आता डोळे लावून पडा हं," आरोही म्हणाली.

"लावलं गं बाय."

मी धडधड सुरू केली. सोनुबाईंनी बघावं म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोरच्या पडद्यावर घर आलं. संगणक म्हणाला, चेहरा. झाड आलं, चेहरा. खुर्ची आली, पुन्हा चेहरा! आरोही रडवेली झाली. तिने सोनुबाईंना बाहेर घेतलं.

"आजी, कुणाकडे बघत होतात?"

"कुनाकडं बघनार? तूच बोललीस ना, डोळं लावा! दार लावतात तसं लावलं, गच्च!"

"मग चेहरा कुणाचा?"

"माज्या म्हशीचा. माज्याबिगर कुनाला कासेला हात लावू देत नाय ती. धार काढायची रायली, तेच डोळ्यांम्होरं येत व्हतं."

आरोहीने टुणकन उडीच मारली. मिटल्या डोळ्यांमागचं चित्र मी टिपलं होतं! तिने सोनुबाईंना पुन्हा निजवलं आणि म्हणाली, "डोळे मिटूनच राहा, आता घर आठवा." संगणक म्हणाला, घर. पुन्हा म्हैस; चेहरा. केंद्राच्या मोठ्या साहेबांनी मान डोलावली आणि टेंपो रिकामा परत गेला.

तर मित्रांनो, यंत्र जुनं झालं म्हणून लगेच मोडीत काढू नका. आणि माणसाच्या डोक्यात काय आहे, हे आधी त्याला विचारा. आमच्यासारख्यांना मग राबवा.

मला आयुष्य मिळालं, आरोहीला शोध आणि सोनुबाईंना फोटो. किंमत तेवढी म्हशीने मोजली. भरल्या कासेने ती बिचारी दुपारपर्यंत रेकत उभी होती.